वजनामागची मोजणी

जलसंजीवनीच्या पाकिटावर चार पदार्थांची वजने छापलेली असतात. सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले मीठ, २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम. हे सगळे एक लिटर पाण्यात विरघळवायचे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००२ पासून याच प्रमाणाचा पुरस्कार करत आल्या आहेत. नुसते वाचले तर या आकड्यांत काही मेळ दिसत नाही. ग्लुकोज मिठाच्या पाचपट का, आणि साडेतेराच ग्रॅम का, याचा पत्ता ग्रॅमच्या भाषेत लागत नाही.

आता प्रत्येक वजनाला त्या त्या पदार्थाच्या मोलर वस्तुमानाने भागून पाहा. ग्लुकोजचे मोलर वस्तुमान १८०.१६ ग्रॅम प्रति मोल. तेव्हा साडेतेरा ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल. मिठाचे ५८.४४, २.६ ग्रॅममध्ये ४४.५ मिलिमोल. सायट्रेटचे २९४.१०, म्हणून २.९ ग्रॅममध्ये जेमतेम १० मिलिमोल. पण त्याच्या एका एककात सोडियमचे तीन अणू असतात, म्हणजे सोडियमची भर जवळजवळ ३० ची. मिठातला सोडियम आणि हा सोडियम मिळून बेरीज ७४ च्या वर जाते, आणि अधिकृत तक्त्यात ती ७५ धरलेली आहे. ग्लुकोज ७५, सोडियम ७५. पाकिटावर जे वाटेल तसे ठरवल्यासारखे दिसत होते ते इथे तंतोतंत जुळते.

ही जुळणी मुद्दाम केलेली आहे. लहान आतड्याच्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन असते. ते ग्लुकोज आणि सोडियम यांना बरोबरच आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जाते. पटकीने आतडे पाणी बाहेर टाकत असते तेव्हाही हा दरवाजा चालू राहतो. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांची पाकिटे बांधून हजारोंना पाजली, ती याच दरवाजाच्या भरवशावर. सोडियमच्या मानाने ग्लुकोज कमी पडू द्यायचे नाही, हा नियम कणांच्या संख्येचा आहे, ग्रॅमचा नाही. पेशीला वजन कळत नाही. तिच्या दारात एक एक कण येतो आणि एक एक कण आत जातो.

तराजू मात्र फक्त वजन सांगतो. कणांची मोजदाद करणारा तराजू कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि सगळी रसायने तर कणांच्या हिशेबाने वागतात. या दोहोंमधला सांधा म्हणजे मोलर वस्तुमान. हे पुस्तक त्या एका संख्येविषयी आहे: ती कशी काढायची, ती कुठून आली आणि तिच्यावर किती विसंबायचे.

नववीच्या विज्ञानात मुलांची तिच्याशी पहिली गाठ पडते. तिथे ती बेरजेचे उदाहरण म्हणून येते आणि बहुतेकांच्या मनात तशीच राहते. तक्त्यातून अणुवस्तुमाने उचलायची, सूत्रातल्या अंकांनी गुणायची, बेरीज करायची. पाण्यासाठी १.००८ ची दुप्पट आणि १५.९९९, एकूण १८.०१५, उत्तर संपले. एवढीच गोष्ट असती तर त्यावर पुस्तक लिहिण्याचे कारण नव्हते. माझे ठाम मत असे आहे की या गणितात मुले बेरजेला अडत नाहीत, वाचनाला अडतात. सूत्र काय म्हणते आणि बाटलीत प्रत्यक्ष काय आहे, या दोन वाचनांत जवळजवळ सगळ्या चुका होतात.

पहिले वाचन सूत्राचे. विरवलेल्या चुन्याचे सूत्र घ्या. कॅल्शियमचा एक अणू, पुढे कंसात ऑक्सिजन आणि हायड्रोजन, आणि कंसाबाहेर खाली दोन. तो दोन कंसातल्या दोघांनाही लागतो. म्हणून ४०.०७८ मध्ये १७.००७ ची दुप्पट मिळवायची, उत्तर ७४.०९२. तोच दोन एकट्या हायड्रोजनला लावला की ५८.०९३ येते. हा आकडा दिसायला बरोबर उत्तराइतकाच सुबक असतो, आणि म्हणून तो सहज पचतो. मुलांना मी आधी बेरीज करूच देत नाही. कागदावर अणूंची यादी करायला लावतो. कॅल्शियम एक, ऑक्सिजन दोन, हायड्रोजन दोन. यादी बरोबर असली की बेरीज कॅल्क्युलेटरवर सोडून द्यायला हरकत नाही.

दुसरे वाचन बाटलीवरच्या चिठ्ठीचे, आणि ते अधिक अवघड आहे, कारण इथे सूत्र चुकत नाही, पदार्थच चुकतो. मोरचूद हे त्याचे उत्तम उदाहरण. वहीत आपण कॉपर सल्फेट लिहितो आणि त्याचे मोलर वस्तुमान १५९.६० काढतो. दुकानात मिळणारे निळे खडे मात्र कॉपर सल्फेटच्या एका एककामागे पाण्याचे पाच रेणू बाळगून असतात, आणि त्या निळ्या खड्याचे मोलर वस्तुमान २४९.६८ आहे. एक मोल मोरचूद हवे असताना कोणी १५९.६० ग्रॅम निळे खडे तोलले, तर हाती एक मोलऐवजी ०.६४ मोल येते.

हे पाच कुठून आले, ते प्रयोगशाळेत अर्ध्या तासात बघता येते. चिनी मातीच्या मुशीत २.५० ग्रॅम मोरचूद घ्यायचे, कुटून बारीक केलेले. मंद आचेवर तापवायला लागले की काठाकडून निळा रंग फिकटू लागतो, वाफ निघते, मुशीवर धरलेल्या थंड काचेवर थेंब जमतात. हळूहळू सगळी पूड राखाडी झाक असलेली पांढरी होते. आच भडकवायची नाही. फार तापवले तर पूड काळपट होते आणि मग जे जाते ते फक्त पाणी राहत नाही. मूस बंद डब्यात गार करून तोलायची, परत थोडी तापवायची, परत तोलायची. वजन स्थिर झाले की थांबायचे. उरतात १.६० ग्रॅम. म्हणजे पाणी गेले ०.९० ग्रॅम. आता दोन भागाकार: ०.९० भागिले १८.०१५, आणि १.६० भागिले १५९.६०. पहिल्याचे उत्तर ०.०५००, दुसऱ्याचे ०.०१००. गुणोत्तर पाच. सूत्रातल्या टिंबापुढचा तो पाच असा तराजूवरून सूत्रात शिरतो. गार झालेल्या पांढऱ्या पुडीवर पाण्याचा एक थेंब सोडला की ती पुन्हा निळी होते आणि मूस हाताला गरम लागते. हा प्रयोग पाहिलेला मुलगा स्फटिकजल पुन्हा विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

नाशिकच्या द्राक्षबागेत आणि कोकणातल्या सुपारीच्या बागेत हाच हिशेब बोर्डो मिश्रणाच्या रूपाने रोज होतो. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. ही कृती निळ्या खड्यांसाठी लिहिलेली आहे. एक किलो निळ्या खड्यांत तांबे २५४ ग्रॅम. बाकीचे सल्फेट आणि पाणी. बुरशीशी लढायचे ते तांब्याने. त्याऐवजी निर्जल पांढरी पूड वापरली तर तेवढ्याच तांब्यासाठी ६४० ग्रॅम पुरेत. तुरटीचीही तीच गोष्ट: तिच्या एका एककात पाण्याचे बारा रेणू असतात, आणि दाढीनंतर गालावर फिरवायच्या त्या खड्यात वजनाचे ४५.६ टक्के पाणीच असते.

औषधाच्या पाकिटावर ही विद्या अगदी बारीक अक्षरांत छापलेली असते आणि बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरून जाते. कॅल्शियमच्या गोळीवर लिहिलेले असते: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, मूलद्रव्य कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच्या तोडीचे. कार्बोनेटचे मोलर वस्तुमान १००.०९, त्यात कॅल्शियम ४०.०८, म्हणजे दर शंभरात चाळीस. १२५० चे चाळीस टक्के बरोबर ५००. रक्तदाबाची अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घ्या. तिच्यात अॅम्लोडिपिन बेसिलेट या रूपात असते. मूळ औषधाचे मोलर वस्तुमान ४०८.९, बेसिलेटचे ५६७.१. पाच मिलिग्रॅम औषध पोटात जायचे तर कारखान्यात बेसिलेट ६.९३ मिलिग्रॅम तोलावे लागते. सलाईनच्या बाटलीवर सोडियम आणि क्लोराइड प्रत्येकी १५४ असे असते, तेही लिटरमागे ९ ग्रॅम मिठाला ५८.४४ ने भागूनच.

खताच्या पोत्यावर मात्र एक जुना प्रघात वाचकाची दिशाभूल करतो, म्हणून त्याच्यावर पुस्तकात वेगळे प्रकरण आहे. युरियाचे सरळ आहे. मोलर वस्तुमान ६०.०६, त्यात नायट्रोजन २८.०१, म्हणजे शुद्ध युरियात ४६.६ टक्के नायट्रोजन आणि पोत्यावर ४६. डीएपीच्या पोत्यावर १८:४६:० असते, आणि त्यातले ४६ हे फॉस्फरसचे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनज्ञांनी खनिजांचे पृथक्करण ऑक्साइडच्या रूपात मांडायची रीत पाडली. तीच खतांच्या व्यवहारात राहिली. ४६ हा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा टक्का आहे, आणि तो पदार्थ पोत्यात तसा नसतोच. त्याच्या मोलर वस्तुमानात, १४१.९४ मध्ये, फॉस्फरस फक्त ६१.९५, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात खरा फॉस्फरस १० किलोच्या आसपास. पोटॅशचा आकडाही असाच ऑक्साइडच्या हिशेबातला. ही रीत बदलायला हवी असे मला मनापासून वाटते; पिकाला जे मिळते तेच पोत्यावर लिहिलेले असावे.

इथवर आपण तक्त्यातली अणुवस्तुमाने निमूट उचलली. ती तिथे कशी आली, याचा इतिहास या विषयाचा सगळ्यांत समृद्ध भाग आहे आणि शाळेत तो दोन ओळींत उरकतात.

जॉन डाल्टनने १८०३ मध्ये अणुभारांची पहिली यादी केली. हायड्रोजन एक धरून बाकीच्यांचे भार त्याच्या पटीत. पण अडचण मुळातच होती. पाण्यात हायड्रोजनच्या एका भागाशी ऑक्सिजनचे आठ भाग वजनाने जोडलेले असतात, एवढे तराजू सांगतो. पाण्याच्या एका कणात हायड्रोजनचे अणू किती, हे तो सांगत नाही. डाल्टनने सगळ्यांत साधी शक्यता धरली, एकास एक. मग ऑक्सिजनचा भार आठ ठरतो. दोनास एक धरले तर तोच सोळा होतो. सूत्र ठाऊक नाही तर भार निघत नाही, आणि भार ठाऊक नाही तर सूत्र निघत नाही. पुढची पन्नास वर्षे रसायनशास्त्र या पेचात अडकून होते. कोणी कार्बन सहा धरी, कोणी बारा. केकुलेने १८६१ मधल्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या अॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबट पदार्थाची, त्या काळी वापरात असलेली एकोणीस सूत्रे छापली आहेत.

वाट इटलीतल्या अॅव्होगॅड्रोने १८११ मध्येच दाखवून ठेवली होती: तापमान आणि दाब सारखे असतील तर वायूंच्या सारख्या आकारमानांत रेणूंची संख्या सारखी असते. ती जवळजवळ कोणी मानली नाही, आणि १८५६ मध्ये तो वारला तेव्हाही परिस्थिती तीच होती. दोन वर्षांनी जिनोव्हात शिकवणाऱ्या स्तानिस्लाओ कानित्सारो या सिसिलीच्या रसायनज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना हा विषय कसा शिकवतो ते एका लेखात मांडले. मला त्या युक्तिवादाचे सौंदर्य अजून पुरते वर्णन करता येत नाही. मी तो फक्त सांगतो.

कार्बन असलेले अनेक पदार्थ घ्या, जे वायू आहेत किंवा ज्यांची वाफ होते. हायड्रोजन वायूच्या रेणूला दोन धरून प्रत्येकाच्या वाफेच्या घनतेवरून त्याच्या रेणूचा भार काढा. पृथक्करणावरून त्या भारात कार्बनचा वाटा किती ते काढा. मिथेन १६, त्यात कार्बन १२. कार्बन मोनॉक्साइड २८, कार्बन १२. कार्बन डायऑक्साइड ४४, कार्बन पुन्हा १२. एथिलीन २८, कार्बन २४. अल्कोहोल ४६, कार्बन २४. ईथर ७४, कार्बन ४८. कार्बनचा वाटा १२ पेक्षा कमी कुठेच येत नाही आणि येतो तो नेहमी १२ च्या पटीतच. अणू अर्धा होत नसेल तर कार्बनच्या अणूचा भार १२. कुठलेही सूत्र आधी गृहीत धरावे लागले नाही.

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी युरोपभरचे रसायनज्ञ हा गोंधळ मिटवायला जमले. परिषदेत एकमत झाले नाही. निघताना पाव्हेसी या कानित्सारोच्या मित्राने त्या लेखाच्या छापील प्रती वाटल्या. लोथार मायर आणि मेंडेलीव्ह दोघेही तिथे होते, आणि दोघांनीही पुढे मूलद्रव्यांच्या आवर्ती मांडणीचे काम या सुधारलेल्या भारांवर उभे केले. आज विद्यार्थी तक्त्यातून १२.०११ उचलतो तेव्हा त्या आकड्यामागे एवढा वाद होऊन गेलेला असतो.

१२.०११ मधल्या त्या .०११ चा प्रश्न वर्गात दर वर्षी निघतो, आणि क्लोरीनच्या ३५.४५ चा तर हमखास. हा अणू अर्धा कसा, असे मुले विचारतात. असा अणू नसतोच. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये वस्तुमानांक ३५ आणि ३७ असे दोन समस्थानिक साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळलेले आहेत, आणि ३५.४५ ही त्या मिश्रणाची सरासरी. मिश्रण बदलले तर सरासरी बदलते. अमेरिकेच्या थिओडोर रिचर्ड्सने १९१४ मध्ये किरणोत्सारी खनिजांतले शिसे तोलले, तर ते नेहमीच्या २०७.२ पेक्षा स्पष्टपणे हलके भरले. अणुभारांच्या अचूक मापनासाठी त्याच वर्षीचे नोबेल त्याला मिळाले. लिथियमची कथा जास्त अस्वस्थ करणारी आहे. हायड्रोजन बॉम्बसाठी त्यातला हलका समस्थानिक काढून घेतला गेला आणि उरलेले लिथियम बाजारात आले. त्यामुळे बाटलीबाटलीत लिथियमचे सरासरी अणुवस्तुमान वेगळे असू शकते. २००९ पासून आंतरराष्ट्रीय तक्त्यात लिथियम, कार्बन, ऑक्सिजन, क्लोरीन धरून दहा मूलद्रव्यांपुढे एका आकड्याऐवजी मर्यादा छापू लागले, लिथियमपुढे ६.९३८ ते ६.९९७. निसर्गाचा स्थिरांक म्हणून मुलांनी पाठ केलेला लिथियमचा आकडा बाटलीत असा माणसांच्या शस्त्रस्पर्धेमुळे हलला.

मोजपट्टीही बदलत आली. डाल्टनचा हायड्रोजन गेला, ऑक्सिजन १६ आला. मग भौतिकीवाल्यांचा १६ आणि रसायनवाल्यांचा १६ वेगळा निघाला, कारण एकांनी एकच समस्थानिक धरला होता आणि दुसऱ्यांनी निसर्गातले मिश्रण. शेवटी १९६१ मध्ये दोघांनी कार्बन-१२ बरोबर १२ यावर समेट केला. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच संख्येवर आणली आहे: एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा २३वा घात इतके कण, ना एक कमी ना एक जास्त. यामुळे कार्बन-१२ चे मोलर वस्तुमान आता व्याख्येने १२ ग्रॅम नाही, मोजून ठरणारे आहे. फरक इतका सूक्ष्म की या पुस्तकातले एकही उत्तर त्याने बदलत नाही.

पुस्तकातल्या पद्धतीविषयी थोडे. प्रत्येक उदाहरण तीन पायऱ्यांत सोडवले आहे: पदार्थ नक्की कोणता, अणूंची यादी, मग बेरीज. पहिली पायरी सोडून दुसरीवर उडी मारू नये, इतकाच आग्रह. अणुवस्तुमाने दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत घेतली आहेत, पण तक्ता जिथे कमी देतो तिथे तितकीच, शिसे २०७.२ च राहील, त्याच्यामागे शून्ये चिकटवलेली नाहीत. उत्तरापुढे ग्रॅम प्रति मोल हे एकक नेहमी लिहिले आहे, कारण एकक लिहिले की गुणायचे की भागायचे ते आपोआप कळते. मिठासारख्या पदार्थात सुटे रेणू नसतात, आयनांची जाळी असते. तिथे सूत्रातल्या एककाचे वस्तुमान काढले आहे आणि तसे स्पष्ट म्हटले आहे.

शिक्षकांना एक विनंती. पहिल्या प्रकरणातली उदाहरणे फळ्यावर सोडवण्याआधी मुलांना घरातली औषधाची रिकामी पाकिटे, मिठाची पिशवी, बाबांनी आणलेल्या खताच्या पोत्यावरचा मजकूर वहीत उतरवून आणायला सांगा. त्यावरच्या ‘तोडीचे’, ‘निर्जल’, ‘डायहायड्रेट’ या शब्दांभोवती वर्तुळ करायला लावा. छापील उदाहरणांपेक्षा हा माल जास्त चांगला आहे, आणि त्यातली काही उत्तरे मलाही नवीन असतील.

शेवटचे प्रकरण बहुवारिकांचे आहे, आणि तिथे ही सगळी पद्धत थांबते. पॉलिथीनच्या पिशवीत साखळ्या एका लांबीच्या नसतात. एकीत हजार कड्या, दुसरीत दहा हजार. एका सूत्रावरून एक आकडा काढता येत नाही. तिथे सरासरी काढावी लागते, आणि साखळ्या मोजून काढलेली सरासरी वजनाने काढलेल्या सरासरीशी जुळत नाही. या दोन सरासऱ्या का वेगळ्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यात दोन्ही का लागतात, एवढे सांगून मी ते प्रकरण संपवले आहे. त्यापुढचे गणित वेगळ्या पुस्तकाचे आहे.